मुक्या जिवाला घास किती घालावा?

वाचकहो, यंदा आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो सशाच्या पिंजऱ्यापाशी उभा राहिला, म्हणून त्याला कोणी हसू नये. धर्माचे प्रश्न नेहमी मोठ्या दारानेच येतात असे नाही. कित्येकदा ते परसदाराने येतात, चुलीपाशी येतात, गोठ्यात येतात. आपण मात्र ग्रंथ उघडून बसलेले असतो आणि दाराशी आलेला प्रश्न तसाच परत जातो. आमचाही जवळजवळ परत गेलाच होता. दोन पिले मेली तेव्हा आम्ही मागे वळून पाहिले.

झाले असे की, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातवाने पांढऱ्या सशांची एक जोडी हट्टाने घरी आणविली. माघ महिन्यात मादी व्याली. सात पिले झाली. घर आनंदले. आमच्या घराची जुनी रीत अशी की, दाराशी आलेला जीव उपाशी जाता कामा नये. तीच रीत सूनबाईंनी पिंजऱ्यापाशी चालविली. पिले घरट्यातून बाहेर येऊन कुरतडू लागली तशी सकाळी एक वाडगाभर गोळीखाद्य, दुपारी पुन्हा एक, संध्याकाळी लसूणघासाची पेंढी, वर कोबीची पाने, गाजरे, नातवाच्या हातची बिस्किटे. पिंजऱ्यात पाय ठेवायला जागा नाही इतके अन्न! आणि त्यातले निम्मे पिंजऱ्याखाली. मुतात भिजलेले, लेंड्यांत मिसळलेले, तुडवलेले. चार दिवसांत मुंग्या आल्या, आठ दिवसांत उंदीर आले.

चिरंजीवांनी एक दिवस खालचे खाद्य झाडून गोळा केले आणि तराजूत घातले. अर्धा किलो घातले होते, त्यातले दोनशे ग्रॅम खाली निघाले. ते म्हणाले, "अण्णा, हे काय चाललंय? हा पैसा मातीत चाललाय. उद्यापासून मोजून घालायचं." यावर आमच्या थोरल्या वहिनी कळवळून म्हणाल्या, "अरे, मुक्या जिवाचं माप काढू नये रे! त्याला मागता येत नाही. त्याच्या तोंडचा घास मोजला तर दोष लागतो." दोघेही आमच्याकडे पाहू लागले. आम्ही आपले "बघू" म्हणून वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात दोन पिलांची पोटे फुगली, हगवण लागली, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गेली. नातू दिवसभर जेवला नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यांनी पिंजरा पाहिला आणि आम्हाला विचारले, "यात वाळलं गवत कुठं आहे?" ते नव्हतेच. बाकी सगळे होते. जे हवे ते नव्हते आणि जे बेताने हवे ते ढिगाने होते. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, वहिनी आणि चिरंजीव ज्यावर भांडत होते तो प्रश्नच अपुरा होता. घास मोजावा की मोजू नये, एवढ्यावर हे भागत नाही. कोणता घास मोजावा, कोणता मोजू नये आणि माप कोणाच्या पोटावरून घ्यावे, हे आधी कळले पाहिजे.

आता त्या प्राण्याची घडण थोडी सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील. आपल्या रानात पिकातून उडी मारून जातो तो ससा निराळा. त्याचे पिल्लू अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मते. त्याला धरणे, पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. घरात पाळतात तो ससा मुळात स्पेनकडच्या बिळात राहणाऱ्या सशाच्या वंशातला. त्याची पिले उघडी, आंधळी अशी जन्मतात आणि दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. त्यांची आई काय करते? दिवसातून बहुधा एकदाच घरट्यात येते, तीन-चार मिनिटे पाजते आणि निघून जाते. पाहणाऱ्याला वाटते, काय ही निष्ठुर! आम्हालाही तसेच वाटले होते. कित्येक घरांत असल्या गैरसमजाने पिलांना गाईचे दूध चमच्याने पाजतात आणि ती दगावतात; कधी दूध श्वासात जाते, कधी पोटाला मानवत नाही. वास्तविक त्या आईचे दूध फार घट्ट असते, त्यातील स्निग्धांश गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास. तेवढ्यावर पिल्लाचा दिवस निघतो. आणि ती वारंवार येत नाही याचे कारण असे की, तिच्या येण्याजाण्याने शत्रूला बिळाचा सुगावा लागतो. तिची दूर राहण्याची रीत हीच तिची राखण.

सज्जनहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. माया म्हणजे सारखे देत राहणे, अशी आपली समजूत. या आईच्या मायेला तर वेळही ठरलेली आहे आणि मापही ठरलेले आहे. तिला कोणी कंजूष म्हणेल काय?

पुढे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिले घरट्याबाहेर येतात आणि आईच्या शेजारी बसून कुरतडू लागतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून दूध कमी होत जाते. घरगुती पाळणीत सहा आठवड्यांपर्यंत, किंवा त्याहून थोडे अधिक, आईपाशी ठेवली तर बरे. हा काळ फार नाजूक. दुधावर चालणारे पोट आता पाल्यावर चालायला शिकत असते. सशाच्या पोटात मोठे उंडुक असते. तेथे सूक्ष्म जंतू गवत आंबवून त्याचे पोषण करतात. या जंतूंची वस्ती हळूहळू बसते. त्यावर एकदम पिठूळ खाद्याचा, गोडाचा, ओल्या पाल्याचा मारा केला की ती वस्ती उधळते, भलतेच जंतू माजतात, पोट फुगते, हगवण लागते. सशाला ओकता येत नाही. पोटात गेले ते पुढेच गेले पाहिजे, आणि ते पुढे ढकलायला वाळल्या गवताचा चोथा लागतो. त्याचे दातही जन्मभर वाढतात. ते झिजायलाही गवतच लागते.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. ससा आपले अन्न दोनदा पचवितो. उंडुकात तयार झालेल्या मऊ गोळ्या तो बाहेर पडतानाच तोंडाने घेऊन पुन्हा गिळतो. कठीण लेंड्या तेवढ्या टाकतो. ऐकायला ओंगळ वाटेल, परंतु त्या मऊ गोळ्यांत जीवनसत्त्वे आणि प्रथिने असतात आणि त्यांवाचून त्याची प्रकृती राहत नाही. म्हणजे ज्या प्राण्याच्या पिंजऱ्याखाली आम्ही अन्नाचा उकिरडा केला, तो प्राणी स्वभावाने कणही वाया न घालविणारा! उकिरडा त्याचा नव्हता, आमचा होता.

मग नासाडी होते कशी? पशुवैद्यांनी सांगितले त्यातले काही आणि पुढे आम्ही स्वतः पाहिले त्यातले काही असे. भांडे जमिनीवर मोकळे ठेवले की पिले त्यात बसतात, मुततात. मग त्या खाद्याला कोणी तोंड लावत नाही. भांडे काठोकाठ भरले की पुढच्या पायांनी उकरून आवडीचे निवडतात, बाकीचे सांडते. गोळीखाद्याचा चुरा तळाशी साठतो. तो त्यांना नको असतो, नाकात जातो. ओलसर झाले तर बुरशी धरते, आणि बुरशीचे खाद्य हे पिलांना विषासमान. गवत जमिनीवर पसरले की अर्धे अंथरूण होते.

उपायही साधेच. भांडे जड घ्यावे किंवा पिंजऱ्याच्या बाजूला, पिलांच्या छातीइतक्या उंचीवर पक्के बांधावे. त्याचा काठ आत वळलेला असावा म्हणजे उकरले तरी बाहेर येत नाही. तळाला बारीक जाळी असल्यास चुरा खाली गळतो. गवत जाळीच्या बाहेरून अडकवावे, म्हणजे काडी काडी ओढून खातात. खाली एक ताट ठेवावे, पडलेले कोरडे गवत पुन्हा वर घालावे. खाद्य एकदम न घालता दोन वेळा घालावे आणि मोठा वाटा दिवेलागणीला द्यावा, कारण ससा संध्याकाळी, रात्री आणि पहाटे अधिक खातो. पुन्हा घालण्यापूर्वी मागचे किती उरले ते पाहावे. चैत्र-वैशाखात उन्हामुळे त्यांचे खाणे कमी होते, तेव्हा दुपारी भांडे भरून ठेवणे म्हणजे नासाडीला आमंत्रण. पाणी मात्र कायम स्वच्छ हवे. पाणी नसले की ससा खाणेही सोडतो. आणि खाद्य बदलायचे असेल तर आठ-दहा दिवस जुन्यात थोडे थोडे नवे मिसळीत बदलावे. नवीन पाला प्रथम एकच पान, दुसऱ्या दिवशी लेंडी पाहून मग पुढे.

यात माप कुठे आहे ते पाहा. वाळले गवत आणि पाणी यांना माप नाही. ती रात्रंदिवस समोर असलीच पाहिजेत. पोट रिकामे राहिले तरी सशाचे आतडे थांबते आणि तो मरतो. माप आहे ते गोळीखाद्याला, हिरव्या पाल्याला आणि गाजरासारख्या गोडाला. बिस्किटाला तर जागाच नाही. फ्रान्समधील कृषी संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की, आईपासून तोडल्यावर पहिले काही आठवडे गोळीखाद्य पोटभर न देता थोडे आखडते दिले तर पोटाच्या रोगाने मरणारी पिले कमी होतात. वाढ जराशी मागे पडते, पण पुढे बरीचशी भरून निघते. मात्र ही जाणत्यांची मोजणी आहे. घरी कोणी तिचे निमित्त करून पिले उपाशी ठेवू नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वहिनींचे म्हणणे खोटे होते काय? मुळीच नाही. त्या म्हणत होत्या त्यात एक खोल गोष्ट आहे. मोकळ्या प्राण्याला एका जागी मिळाले नाही तर तो दुसरीकडे जातो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला आपल्या हाताखेरीज दुसरे रान नाही. त्याचे स्वातंत्र्य आपण घेतले, त्याबरोबर त्याच्या पोटाचा भारही घेतला. अशा जिवाचे माप काढणे ही सत्ता आहे, आणि सत्तेचा हात फार लवकर आखडतो. आपण खर्चाच्या बाजूने माप धरले तर त्याला तक्रार करता येणार नाही. एवढेच नव्हे, भांड्याशी जागा थोडी असली आणि खाद्य कमी केले तर दांडगी पिले आपला वाटा घेतातच. उपाशी राहते ते सर्वांत लहान, मागे रेटलेले पिल्लू. काटकसरीची झळ नेहमी शेवटच्या पानाला लागते, हे घरात काय आणि गावात काय, सारखेच खरे. म्हणून माप घेण्याआधी सर्वांना एका वेळी तोंड घालता येईल एवढी जागा करून द्यावी, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पिल्लू स्वयंपाकघरातल्या तराजूत घालून पाहावे. तराजू खाद्याला लावला तसा पिल्लालाही लावला, तरच त्या तराजूला न्यायाचा तराजू म्हणता येईल.

चिरंजीवांचे म्हणणे तरी खोटे होते काय? तेही नाही. फक्त त्यांनी पैशाचे नाव घेतले, ते थोडे उणे पडले. त्या गोळीत मका आहे, कोंडा आहे, पेंड आहे. कोणाचे तरी शेत, कोणाच्या तरी विहिरीचे पाणी, कोणाची तरी उन्हातली पाठ त्यात आहे. लसूणघास तर पाण्यावाचून उगवत नाही, आणि आपल्या दुष्काळी गावांत त्याच पाण्यासाठी बाया घागरी घेऊन उभ्या असतात. विकत घेतले म्हणून ते अन्न आपले झाले, मग त्याचे काही का होईना, ही समजूत अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्यांच्या घरी शोभत नाही.

यावर कोणी शंका घेईल, "सांडलेले अन्न वाया कसे गेले? ते मुंग्यांनी खाल्ले, उंदरांनी खाल्ले. तेही जीवच ना?" ही शंका आमच्या घरातही निघाली. रानात झाडाखाली पडलेले फळ वाया जात नाही हे खरे. तेथे पडलेल्या घासाला खाणारा ठरलेला असतो. पण पिंजऱ्याखालचा घास बुरशीला जातो, आणि त्याने बोलाविलेल्या उंदरांना आपण पुढे काय वाढतो? सापळा आणि विष! मुंगीला साखर घालावीशी वाटली तर मुठीने, आठवणीने घालावी. हातून सांडले त्याला दान म्हणून पुण्य मोजणे ही स्वतःची फसवणूक आहे. दानात लक्ष असावे लागते. निष्काळजीपणात लक्षच नसते, मग तो कितीही भरघोस असो.

पंढरीच्या वाटेवर आपण सर्वांनी हे पाहिले आहे. दिंडीच्या पंगतीत दोन प्रकारचे वाढपी असतात. एक पानाकडे न बघता पळीवर पळी ओतीत जातो, "घ्या माउली, घ्या!" म्हणतो, आणि पुढच्या पानावर जातो. त्याच्या मागे पत्रावळी भरलेल्या उठतात आणि पंगतीच्या शेवटी भात संपतो. दुसरा वाढपी वाकून पाहतो. म्हाताऱ्याला मऊ भात, चालून आलेल्या तरण्याला दोन भाकरी, लेकराला अर्धी. आणि "पुन्हा येतो हं" म्हणून खरोखरच पुन्हा येतो. कोणाचा हात मोठा? आम्हाला तर दुसऱ्याचाच वाटतो. पुन्हा येण्याचे कष्ट नकोत म्हणून पहिला एकदम ओततो. आमच्या सूनबाईंचे वाडगे, आमचे "बघू", यात तरी दुसरे काय होते? ढीग घातला की पुन्हा पाहायला नको, आणि मन म्हणते, आपण किती उदार!

नामदेवरायांची कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ही कथा आम्ही आजवर दयेची म्हणून ऐकली. यंदा प्रथमच ध्यानात आले की, नामदेवांनी कुत्र्यापुढे पोळ्यांचा ढीग टाकला नाही. त्याने नेली ती कोरडी आहे, एवढेच त्यांनी पाहिले, आणि जे उणे होते ते घेऊन धावले. नाथमहाराजांनीही तळमळणाऱ्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले, कारण त्या घटकेला त्याला पाणीच हवे होते. दोघांनीही आधी समोरच्या जिवाकडे नीट पाहिले. आम्ही दिले भरपूर, पाहिले मात्र नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी ती ऐकायला बरी वाटत नसली तरी. घासाचे माप भांड्यापासून सुरू होत नाही. ते पिंजऱ्यातल्या संख्येपासून सुरू होते. सशाची मादी सुमारे एकतीस दिवसांत विते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. चार-पाच महिन्यांत तिच्या लेकीही वयात येतात. नर-मादी एकत्र ठेवून "देवाची लीला" म्हणत बसले तर वर्षात घर भरते. आपण माळकरी, कापणाऱ्याच्या हाती ती द्यायची नाहीत. मग कित्येक लोक काय करतात? माळावर सोडून देतात, आणि "मोकळे केले" म्हणतात. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा माळावर कुत्र्याच्या तोंडी जातो, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. ज्यांना घास घालण्याची ऐपत नाही असे जीव जन्मू देणे, ही सर्वांत मोठी नासाडी होय. तेथे अन्न वाया जात नाही, जीव जातो. म्हणून आम्ही नर वेगळा केला आहे. नातू रुसला, पण त्याला कारण सांगितले आणि त्याला ते पटले.

उरलेली पाच पिले आता मोठी झाली आहेत. गवत बाहेरून अडकविलेले असते, खाली ताट असते. दिवेलागणीला थोरल्या वहिनी स्वतः जातात. ज्यांनी माप काढू नये म्हटले, त्यांच्याच हाती आता माप आहे, आणि आम्हाला त्यात काही विपरीत वाटत नाही. त्या आधी वाकून उरलेले पाहतात, मग पिलांची पोटे हाताने चाचपतात, मग वाटी भरतात. मागे रेटलेल्या त्या धाकट्या पिल्लापुढे एक मूठ वेगळी ठेवतात आणि ते खाईपर्यंत तेथेच बसून राहतात. कालच चिरंजीव म्हणाले, "काकू, त्याला किती देता ते मोजलंत का?" वहिनी म्हणाल्या, "मोजलं तर! म्हणून तर बसलेय."

आम्हाला वाटते, आमच्या प्रश्नाचे उत्तर त्या बसण्यात आहे. वाचकांच्या दारी गाय असेल, शेळी असेल, कुत्रे असेल, कदाचित घरात आजारी म्हातारे माणूस असेल. घास घालण्यापूर्वी घटकाभर तेथे बसून पाहावे, एवढीच विनंती.

रामकृष्ण हरि.